पाव फेरा

आमच्या घरांत वाद्यांचें वावडें कधींच नव्हतें. देवघराशेजारच्या खोलींत तंबोरा गवसणींत उभा असतो, आणि सौ.ची पेटी रोज सायंकाळीं वाजते. असें असूनही गतवर्षीं, ऐन आषाढांत, धाकट्या बंधूंच्या चिरंजीवानें विजेची गिटार घेण्याचा मनोदय प्रकट केला तेव्हां घरांत मोठें वादळ उठलें. त्या मुलाचें अभियांत्रिकीचें एक वर्ष नुकतेंच फुकट गेलें होतें. बापलेकांचें संभाषण पानावरील ‘वाढ’ आणि ‘पुरे’ यांपलीकडे जात नव्हतें. ‘नापास होऊन वर बक्षीस मागतोस काय?’ एवढें बोलून बंधु उठून गेले. मुलगा माझ्याकडे आला. ‘काका, नवी नको, जुनीच घेतों. शिकवण्यांचे ९,००० रुपये साठले आहेत.’ मीं होकार दिला. वडीलपणाचा एवढा तरी उपयोग असावा.

हा प्रसंग पुष्कळ वाचकांच्या घरीं येऊन गेला असेल, किंवा पुढें येईल; म्हणून वर्षभरांत मला जें कळलें तें येथें मांडतों.

प्रथम हें वाद्य काय आहे तें पाहूं. सतारीचा नाद भोपळ्याच्या पोकळींत घुमतो. ह्या गिटारीचें अंग बहुधा भरीव लाकडाचें असतें. तारांखालीं लोहचुंबक असून त्यांभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे कित्येक हजार वेढे दिलेले असतात. पोलादी तार तेथें कांपली कीं वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ मध्यें दाखविलेलें तत्त्व तें हेंच. ती वीज ध्वनिवर्धकांत जाऊन मोठी होते. म्हणूनच तंबोऱ्याची पितळी तार ह्या वाद्यावर चढविली तर ती जवळजवळ मुकीच राहील.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर नांवाचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. परंतु दुरुस्ती करणाऱ्याची दृष्टि असल्यामुळें त्यांनीं दांडी अंगास चिकटविली नाहीं, स्क्रूंनीं जोडली. बिघडली तर काढावी, दुसरी बसवावी! त्यांच्या १९५४ मधील स्ट्रॅटोकास्टरचा घाट आजही जगभर उचलला जातो. हौशी मनुष्यास ह्या वाद्याचें वेड लागतें तें पुष्कळ अंशीं ह्या सोयीमुळेंच.

आम्हीं घेतलेली गिटार त्याच घाटाची, परंतु वापरलेली होती. आणि घेतांना चूक झाली ती माझी. रंगाची चकाकी पाहून मीं मान डोलावली. वास्तविक घेणाऱ्यानें प्रथम दांडी डोळ्यासमोर धरून ती सरळ आहे कीं नाहीं तें पाहावें. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवावी. पडद्यांवर तारांनीं चरे पाडले आहेत काय, तें बोट फिरवून पाहावें. आवाजाची खुंटी फिरवून खरखर ऐकावी. ती बहुधा धुळीची असते व सहज जाते, परंतु पडदे झिजले असतील तर खर्च मोठा. आमची दांडी पुढें वाकलेली निघाली. मधल्या पडद्यांपाशीं तारा इतक्या उंच कीं दाबतांना बोटें सोलून निघत.

सहा तारांचा मिळून ताण सुमारें ४५ किलो असतो. तो सोसण्यासाठीं दांडीच्या पोटांत पोलादी सळई असते; षट्कोनी किल्लीनें ती आंवळतां येते. मुलानें अधीर होऊन एका रात्रींत दोन पूर्ण फेरे दिले. सकाळीं पाहतों तों दांडी उलट्या बाजूस वाकलेली, आणि पहिल्या पडद्यांवर प्रत्येक तार खडखडते आहे. ‘काका, हेंही मीं बिघडविलें,’ तो म्हणाला. त्या ‘हेंही’ शब्दानें माझ्या काळजांत चर्र झालें.

सांगलीहून मिरज ती किती दूर! तेथील सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, हें वाचकांस ठाऊक असेलच. तेथील एका वृद्ध कारागिरांकडे आमचा तंबोरा जवारीसाठीं जातो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेची गोड झणझण आणणें हें त्यांचें जन्माचें काम; गिटारींत तीच झणझण दोष ठरते! त्यांनीं सळई सैल केली व म्हणाले, ‘मास्तर, लाकूड ऐकतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. एका दिवसाला पाव फेरा. मग तारा सुरांत लावून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशीं बघायचं.’

त्याप्रमाणें आठवडा गेला. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकदम दाबली असतां मधोमध पाव मिलिमीटर, म्हणजे साधारण व्हिजिटिंग कार्डाएवढी, फट राहिली तेव्हां आम्ही थांबलों. नंतर घोडीचे स्क्रू. ६४८ मिलिमीटरांच्या तारेचा मध्य ३२४ वर, बाराव्या पडद्यापाशीं येतो. परंतु दाबतांना तार ताणली जाऊन सूर किंचित् चढतो, म्हणून घोडी अंमळ मागें सरकवावी लागते. हें गणित मला समजावून देणारा आमचा नापास विद्यार्थीच होता.

ध्वनिवर्धक लावण्याचा दिवस आला. बंधूंची सारी नोकरी विजेच्या कामांत गेलेली. ते दारांतून पाहत होते. मुलगा प्लग भिंतींत घालणार तोंच ते आंत आले. ‘थांब. ह्या खोलीला अर्थिंग नाहीं.’ गिटारीच्या तारा वायरीवाटे ध्वनिवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याशीं जोडलेल्या असतात. जुन्या वाड्यांत अर्थिंग नसलें आणि आंत बिघाड झाला, तर झटका थेट वाजविणाऱ्याच्या बोटांस बसतो. बंधूंनीं दोन दिवस खपून नवी वायर ओढली. ‘ध्वनिवर्धक कधीं उघडूं नकोस, प्लग काढला तरी आंत वीज साठून राहते,’ असेंही बजावलें. मग आवाजाच्या खुंटीची निसटलेली वायर त्यांनींच डाख देऊन जोडली. मुलगा विजेरी धरून शेजारीं बसला होता.

आतां वर्ष होत आलें. मुलाचे दोन विषय सुटले, एक राहिला आहे. वादन साधारणच आहे, आणि माझ्या कानांस अद्याप तंबोराच गोड लागतो. परंतु वाजवून झाल्यावर तो प्रत्येक तार कोरड्या फडक्यानें पुसतो, नाहीं तर दमट हवेंत ती गंजते. पावसाळी हवेनें दांडी पुन्हां किंचित् हलली, कीं बापलेक किल्ली घेऊन बसतात.

पस्तीस वर्षें मीं शाळेंत मुलांना वळण लावलें, आणि एका दमांत पूर्ण फेरा देण्याची घाई मींही पुष्कळदां केली. पाव फेरा देऊन एक दिवस थांबावें, हें मला फार उशिरां कळलें. वाचकांच्या घरीं अशी गिटार आली, तर आधीं अर्थिंग पाहावें, मग दांडी पाहावी. आणि किल्ली ज्याच्या हातीं असेल त्याला कोणीं घाई करूं नये.