पॅड कुणासाठी?

लेकीच्या तायक्वांदोच्या क्लासात मी ‘पॅड धरणारी आई’ झाले, ती नाइलाजानं. सर एकटे, मुलं बावीस. भिंतीला टेकून मोबाइल बघणारे पालक मग कामाला लागतात. पहिल्याच आठवड्यात माझं मनगट सुजलं. लेकीच्या लाथेला दोष देण्यात अर्थ नव्हता. साडेतीनशे रुपयांत ऑनलाइन मागवलेलं लालभडक पॅड मीच निवडलं होतं. आत गादीतला असतो तसला मऊ स्पंज. अंगठ्यानं दाबलं की पलीकडची बोटं लागायची. सरांनी ते चाचपून एवढंच विचारलं, “ताई, हे मारणाऱ्यासाठी घेतलंत की धरणाऱ्यासाठी?”

आता मी दुकानातच पॅड हातात चढवते आणि लेकीला मारायला सांगते. दुकानदार वैतागतो. वैतागू दे. आत ईव्हीएसारखा घट्ट फोम हवा, दाबून सोडला की लगेच वर येणारा. रॅकेटसारखं दोन पात्यांचं पॅड फटाक्यासारखं वाजतं, पण तो आवाज पाती एकमेकांवर आपटल्याचा, ताकदीचा नव्हे. ते नेम आणि वेगासाठी. जोरदार लाथेला छातीशी धरायची मोठी ढालच हवी. ती चार पालकांनी वर्गणी काढून घ्यावी, एकट्यानं कशाला?

चामडं टिकतं, पण आमच्या ठाण्याच्या पावसाळ्यात आठवडाभर पिशवीत राहिलं की बुरशी धरते. ‘सिंथेटिक लेदर’ म्हणून विकतात ते बऱ्याचदा पीयू असतं. दमट हवेत काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात. मुलांना जाड रेक्झीन पुरे. घाम पुसायचा, पंख्याखाली वाळवायचं, घडी घालायची नाही.

खेळाचं पुष्कळ सामान मेरठ-जालंधरहून येतं. छाप बघण्यापेक्षा मी पट्टा बघते, कारण पॅड आधी तिथंच उसवतं. पट्ट्याच्या टोकाला चौकोनात फुली मारलेली शिलाई असेल तर जरा निर्धास्त. वेल्क्रो पकडत नसेल तर टाकून देऊ नका, बहुतेक वेळा त्यात केस आणि धागे अडकलेले असतात. जुन्या टूथब्रशनं निघतात.

एवढं बघून घेतलेल्या दुसऱ्या पॅडचाही पट्टा वर्षभरात सुटलाच. स्टेशनबाहेरच्या मोचीकाकांकडे नेलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, एक बुक्की हाणली आणि नायलॉनचा दोरा ओवत म्हणाले, “माल चांगलाय. शिवणारा घाईत होता.”