शांता आपटे आणि आपल्या दाराशी येणारी चित्रनगरी

अभनपूर आणि त्याच्या भोवतालच्या गावांचे जीवन ज्या वेगाने पालटत आहे तो पाहिला, म्हणजे एवढे स्थित्यंतर एका पिढीच्या वाट्यास क्वचितच आले असेल असे वाटते. रायपूरहून अभनपुरास येऊन तेथून एक फाटा धमतरीस व दुसरा राजिमास पाठविणारी नॅरोगेज रेल्वे शतकाहून अधिक काळ शेतकऱ्यांना, बाजारकरूंना आणि माघी पौर्णिमेच्या यात्रेकरूंना वाहून अखेर निवृत्त झाली. तिच्या जागी ब्रॉडगेजचे रूळ आले, आणि ३० मार्च २०२५ रोजी अभनपूर-रायपूर मेमू गाडीस आरंभ झाला. ज्या नवा रायपूरच्या अंगाने ही गाडी जाते, त्याच्याच परिसरात माना-तूता येथे केंद्र शासनाच्या अर्थसाह्याने, ९५ कोटींहून अधिक रुपये खर्चून चित्रनगरी उभारण्याची योजना मंजूर झाली आहे.

या चित्रनगरीचे स्वागतच केले पाहिजे. १९६५ साली मनु नायक यांनी ‘कहि देबे संदेस’ हा पहिला छत्तीसगढी चित्रपट पडद्यावर आणला, आणि २००० साली, नव्या राज्याच्या जन्माच्या ऐन उंबरठ्यावर, ‘मोर छइंहा भुइंया’ने या भाषेच्या चित्रपटास मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला, अशा चित्रसृष्टीला स्वतःचे हक्काचे स्थान मिळावे, ही अपेक्षा सर्वथा न्याय्य आहे. परंतु चित्रनगरी म्हणजे केवळ मोजून दिलेली जमीन आणि तीवर बांधलेल्या इमारती नव्हेत. तेथे माणसे कामास येणार, आणि त्या माणसांत आपल्याच तहसिलीतल्या, सकाळच्या गाडीने जाऊन रात्रीच्या गाडीने परतणाऱ्या मुलीही असणार. त्या मुलींच्या हाती कोणता दस्तऐवज असेल, त्यांच्या कामाची मुदत आणि मोबदला कोण ठरवील, आणि तक्रार उद्भवली तर त्यांनी कोणाच्या दप्तरी दाद मागावी, हे प्रश्न पायाभरणीच्या वेळीच विचारावयाचे असतात. आणि ते विचारताना ज्या स्त्रीचे स्मरण प्रथम व्हावे, ती म्हणजे शांता आपटे ही आपल्या भाषेतली थोर अभिनेत्री होय.

शांताबाईंचा जन्म सोलापूरच्या बाजूस दुधनी येथला. घरात गाण्याची आवड होती, आणि पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात त्यांना रीतसर संगीतशिक्षण मिळाले. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये त्यांनी राधेची भूमिका केली, तेव्हा बोलपट नुकताच कोठे बोलू लागला होता. गळा हीच ज्या काळी नटीची पहिली पात्रता मानली जात असे, त्या काळी शांताबाईंच्या गायनाचे वैशिष्ट्य असे, की ते अभिनयापासून वेगळे काढता येत नसे; गाणे सुरू झाले म्हणून मुद्रा निश्चल करून उभे राहण्याची तत्कालीन रीत त्यांनी मोडली, आणि हात, डोळे, मान या सर्वांनी गाणे सांगण्याची नवी रीत रूढ केली. १९३४ च्या ‘अमृतमंथन’ने त्यांचे नाव मराठी मुलुखाबाहेर गेले. पुढे ‘अमरज्योती’ आणि ‘गोपालकृष्ण’ या चित्रपटांनी ते घरोघर पोचविले.

तथापि ज्या एका भूमिकेमुळे त्यांचे नाव चित्रपटाच्या इतिहासात अढळ झाले, ती १९३७ सालच्या ‘कुंकू’मधील नीरेची. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी हा चित्रपट दिग्दर्शित केला, आणि ‘दुनिया ना माने’ या नावाने तो हिंदीतही काढला. मामाने फसवून वृद्ध विधुराशी लग्न लावून दिलेली नीरा पतीबरोबर संसार करण्यास स्वच्छ नकार देते. रडून, पाया पडून वा प्राण देऊन नव्हे, तर त्याच घरात ताठ मानेने राहून ती हा नकार दिवसेंदिवस चालविते. पार्श्वसंगीताचा आश्रय न घेता, घड्याळाच्या ठोक्यांसारख्या प्रत्यक्ष ध्वनींवर उभारलेल्या त्या चित्रपटात शांताबाईंचा स्वर आणि त्यांचे मौन या दोहोंना सारखाच भार सोसावा लागला, आणि दोहोंनीही तो सोसला. केशवराव दात्यांचे काकासाहेब त्यांच्यासमोर क्षणोक्षणी झिजत जाताना दिसतात, याचे श्रेय जितके दात्यांच्या असामान्य कलेला, तितकेच समोरच्या मुलीच्या न वाकणाऱ्या मानेला आहे.

परंतु त्या कथेचा शेवट आज पुन्हा पाहताना मनास एक प्रश्न टोचल्याखेरीज राहत नाही. नीरेला मुक्ती मिळते ती काकासाहेबांचे हृदयपरिवर्तन होते म्हणून. ते पत्र लिहून तिला पुनर्विवाहाची मोकळीक देतात आणि स्वतःचे जीवन संपवितात. म्हणजे इतक्या तेजस्वी प्रतिकाराचे फळ अखेरीस ज्याच्या हाती सत्ता होती त्याच्याच सौजन्यातून पदरात पडते. कथेत हे शोभते. प्रत्यक्ष व्यवहारात सत्ताधाऱ्याचे हृदय पालटण्याची वाट पाहत बसणे किती धोक्याचे असते, याचा प्रत्यय ती नायिका साकारणाऱ्या शांताबाईंना पुढच्या दोन वर्षांतच आला.

प्रभात ही कंपनी कोणत्याही अर्थाने हलकी नव्हती, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यास आलेली ही संस्था शिस्त, अभिरुची आणि तंत्र या तिन्ही बाबतींत देशात अग्रगण्य होती, आणि तेथली माणसे आपल्या संस्थेचे वर्णन अभिमानाने कुटुंब असे करीत. त्या काळच्या स्टुडिओंच्या पद्धतीप्रमाणे नटनटींना दरमहा वेतन मिळे आणि कराराच्या मुदतीत त्यांना अन्यत्र काम करण्याची मुभा नसे. कुटुंब म्हटले की जिव्हाळा येतो, सुरक्षितता येते. पण त्याचबरोबर कर्त्या पुरुषाचा शब्द अखेरचा ठरतो, आणि हिशेब मागणाऱ्या मुलीवर कृतघ्नतेचा शिक्का बसतो. करार आणि वेतन यांवरून मतभेद विकोपास गेले, तेव्हा जुलै १९३९ मध्ये शांताबाईंनी प्रभातच्या दारातच उपोषण आरंभिले. देशभर उपोषण हे राजकीय शस्त्र म्हणून परिचित झालेले होते. पण कीर्तीच्या शिखरावर असलेल्या एका नटीने ते आपल्याच मालकाच्या दारात, स्वतःच्या श्रमाच्या प्रश्नासाठी वापरावे, ही घटना तोपर्यंत कोणाच्या कल्पनेतही आली नव्हती. वृत्तपत्रांना चघळण्यास विषय मिळाला, पुष्कळांनी तिला नटीचा लहरीपणा ठरविले, आणि प्रभातशी त्यांचा संबंध त्याच वर्षी तुटला.

उपोषण ही क्षणिक संतापाची गोष्ट होती असे ज्यांना म्हणावयाचे असेल, त्यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘जाऊ मी सिनेमात?’ या शांताबाईंच्या पुस्तकाचा विचार करावा. चित्रपटात जाण्याची आकांक्षा धरणाऱ्या तरुणींना उद्देशून लिहिलेल्या या पुस्तकात आत्मस्तुती नाही, स्टुडिओतल्या गमतीजमतीही नाहीत. आहे ती चित्रधंद्याच्या अर्थव्यवहाराची परखड चिकित्सा. पडद्यावरील प्रतिमेमागे झिजणारे शरीर असते, त्या शरीराला थकवा येतो, नट हा भांडवलापुढे उभा असलेला श्रमिकच असतो, हा विचार मराठी चित्रपटव्यवसायातल्या स्त्रीने त्या काळी ग्रंथरूपाने मांडावा, ही माझ्या मते तिच्या कोणत्याही भूमिकेइतकीच मोठी कामगिरी आहे. चित्रपटाच्या अभ्यासकांनी अलीकडे या पुस्तकाकडे पुन्हा लक्ष वेधले आहे. सामान्य मराठी वाचकास मात्र त्याचे नावही ठाऊक नसते.

प्रभात सोडल्यावर शांताबाईंनी काम थांबविले नाही. १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’त त्या नायिका होत्या आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या वेषात होत्या. १९४६ च्या ‘सुभद्रा’त त्यांच्यासमवेत नवोदित लता मंगेशकरांचा स्वर ऐकू येतो. परंतु ‘कुंकू’च्या तोडीची भूमिका पुन्हा त्यांच्या वाट्यास आली नाही, आणि २४ फेब्रुवारी १९६४ रोजी अंधेरीस त्यांचे निधन झाले. त्यांच्याच समकालीन दुर्गाबाई खोटे यांनी एकाच कंपनीस बांधून न घेता अनेक निर्मात्यांकडे काम केले, आणि १९८३ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्कारापर्यंत त्यांची कारकीर्द सन्मानाने चालली. दुर्गाबाईंच्या कर्तृत्वाविषयी नितांत आदर बाळगूनही हे नमूद केले पाहिजे, की संपन्न घराण्यातला जन्म, इंग्रजी शाळा आणि सेंट झेवियर कॉलेजातले शिक्षण यांनी जो आत्मविश्वास त्यांच्या ठायी निर्माण केला होता, तो प्रत्येक नटीस जन्मतः लाभत नाही. आणि ज्यांना तो लाभत नाही, त्यांच्यासाठीच कायदा असतो.

हा कायदा आपल्याकडे आला, पण फार उशिरा. चित्रपट-कामगारास लेखी करारावाचून कामावर ठेवता येणार नाही, ही तरतूद संसदेने १९८१ साली केली, म्हणजे शांताबाईंच्या उपोषणानंतर ४२ वर्षांनी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी, दहा वा अधिक माणसे कामावर असतील तेथे, अंतर्गत समिती नेमण्याची सक्ती २०१३ च्या कायद्याने झाली. आणि एवढे होऊनही चित्रसृष्टीतल्या स्त्रियांच्या स्थितीविषयी केरळ शासनाने २०१७ साली नेमलेल्या, न्यायमूर्ती के. हेमा यांच्या अध्यक्षतेखालील व ज्येष्ठ अभिनेत्री शारदा जिच्या सदस्य होत्या अशा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा त्यात काय आढळले? लेखी करारांचा अभाव, वेतनातील भेदभाव, चित्रीकरणाच्या जागी स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांची उणीव, आणि तोंड उघडले तर काम जाईल ही भीती. साक्षरतेत देशात अग्रगण्य गणल्या जाणाऱ्या राज्यातली ही कथा आहे.

छत्तीसगढच्या भूमीला स्त्री-कलावंतांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती त्यांच्याविषयीच्या वेळेवर दाखविलेल्या आदराची. दुर्गजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी, स्त्रियांनी बसूनच पंडवानी ही महाभारतकथा गावी हा संकेत झुगारून, पुरुषांची मानली गेलेली उभ्याने गाण्याची कापालिक शैली पत्करली, तेव्हा त्यांच्या जमातीने त्यांना वाळीत टाकले. त्याच तीजनबाईंना २०१९ साली पद्मविभूषण देण्यात आले. नाचा या लोकनाट्यातही स्त्रीपात्रे दीर्घकाळ पुरुषच रंगवीत, आणि रंगमंचावर येणाऱ्या स्त्रीकडे समाज साशंक दृष्टीने पाही. अशा प्रदेशात गावातली मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहते, तेव्हा तिच्या पाठीशी तिचे घर असेलच असे नाही. मग तिचा आधार कोणता? निर्मात्याचा चांगुलपणा हा आधार नव्हे. तो असला तर भाग्य, नसला तर उपाय नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रामाणिक आहे. छत्तीसगढी चित्रपटांचे भांडवल तुटपुंजे असते, बहुतेक मंडळी एकमेकांच्या ओळखीने आणि स्नेहाने काम करतात. त्यांच्यावर करारनामे, नोंदवह्या आणि समित्यांचा बोजा लादला तर हा कोवळा धंदा मोडेल, आणि बाहेरचे निर्माते अधिक सवलती देणाऱ्या राज्यांकडे वळतील, असे म्हटले जाते. परंतु चार ओळींचा लेखी करार करण्यास भांडवल लागत नाही. लागते ती इच्छा. शिवाय ही चित्रनगरी सार्वजनिक पैशातून होणार आहे. ज्या जागेचा खर्च करदाता सोसतो, त्या जागेच्या वापराच्या शर्ती ठरविण्याचा अधिकार शासनाचा आहे, आणि त्या न ठरविणे हा कर्तव्याचा त्याग आहे.

म्हणून आमची मागणी साधी आणि निश्चित आहे. माना-तूताच्या चित्रनगरीत चित्रीकरणाचा परवाना देताना, प्रत्येक कलावंताशी व कामगाराशी त्याला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे हिंदीत वा छत्तीसगढीत, लेखी करार झाल्याचा पुरावा मागितला जावा, आणि करारात कामाचे तास, मोबदला व तो देण्याची तारीख नमूद असावी. स्त्रियांसाठी कपडे बदलण्याच्या खोल्या आणि स्वच्छतागृहे ही इमारतींच्या मूळ आराखड्यातच असावीत. रात्री काम संपल्यावर घरी सुरक्षित पोचविण्याची जबाबदारी निर्मात्यावर असावी. आणि तक्रार ऐकणारी समिती चित्रनगरीच्या आवारात, निर्मात्यांपासून स्वतंत्र, कायमची असावी.

छत्तीसगढातल्या मराठी समाजाकडेही एक मागणे आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून या प्रदेशात राहिलेल्या आणि येथल्याच झालेल्या आपण मंडळींनी, गणेशोत्सवातल्या नाटकांनी व गाण्याच्या मैफलींनी आपली भाषा येथे जिवंत ठेवली आहे. आता तिच्यातला एक उपयोगाचा ग्रंथ शेजाऱ्यांच्या हाती द्यावा. ‘जाऊ मी सिनेमात?’ या पुस्तकाचा हिंदी आणि छत्तीसगढी अनुवाद रायपूरच्या मराठी संस्थांनी करवून घ्यावा, आणि चित्रनगरीत पाऊल टाकू पाहणाऱ्या प्रत्येक मुलीस तो करारावर सही करण्याच्या आधी वाचावयास मिळेल अशी तजवीज करावी.

शांता आपटे यांना त्यांच्या हयातीत न्याय देणे आपल्या पूर्वजांना साधले नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे लेखी उत्तर तयार ठेवूनच ही चित्रनगरी उघडावी, अशी राज्य शासनास आमची आग्रहाची विनंती आहे.