पारपत्राची किंमत

सहस्रकुंडाच्या शेजारचे आमचे इस्लापूर निजामी जोखडातून सुटले ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी. गोमंतकाला मुक्तीसाठी १९ डिसेंबर १९६१ पर्यंत थांबावे लागले. त्याआधी १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींनी पोर्तुगीज गोळ्या छातीवर झेलल्या होत्या. त्याच गोव्यातील हजारो तरुण पुढे नागरिकत्वासाठी लिस्बनकडे अर्ज करते झाले, हा दैवदुर्विलास नव्हे काय?

मात्र त्यांना देशद्रोही ठरवून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. मुक्तीपूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालने नागरिकत्वाची वाट मोकळी ठेवली. ओढ लिस्बनची नाही, युरोपातील रोजगाराची आहे. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर अनेकांचा मुक्काम स्विंडनला पडला. ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या मराठवाड्याला ही ओढ समजावून सांगायला नको.

खरा धोका अजाणतेपणाचा आहे. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ९ नुसार स्वेच्छेने परके नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. पुढे ‘ओसीआय’ कार्ड मिळाले, तरी मतदानाचा हक्क नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. ‘केवळ पारपत्र बदलले’ ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

शासनाने हा कायदा गावोगाव समजावून सांगावा आणि गोव्यातच हाताला काम द्यावे. ज्या भूमीसाठी रक्त सांडले, तिचे नागरिकत्व एका सहीत नकळत गमावले जाऊ नये. सोडायचेच असेल, तर ते डोळसपणे सोडावे.