वाजते म्हणून शाबूत?

पावसाळा सरला की खारघरच्या दमट हवेतून निभावलेल्या पुस्तकांना ऊन दाखवण्याचा आमचा रिवाज आहे. यंदा त्याच कपाटातून २००४च्या सुमारास घरच्या संगणकावर बर्न केलेल्या संगीताच्या सीडींचा गठ्ठा निघाला. खाजगी बैठकींच्या कॅसेटींवरून उतरवलेले गाणे त्यांत होते. मूळ कॅसेटी जागेअभावी आम्हीच टाकून दिल्या होत्या. एक सीडी लावली, पहिला ख्याल नीट वाजला. एवढ्यावर समाधान मानून गठ्ठा परत ठेवण्याचा मोह झाला. तो मोहच घातक, असे आमचे म्हणणे आहे.

बाजारातल्या सीडीवरचे खड्डे साच्यातून उठवलेले असतात. घरगुती सीडीत मात्र सेंद्रिय रंगाच्या थरावर लेसरच्या उष्णतेने खुणा उमटतात, आणि ऊन, उष्मा, दमटपणा यांनी तो रंग बिघडतो. ज्या चकचकीत बाजूला आपण जपतो तिथे १.२ मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक राखण करते. नावाच्या बाजूला केवळ पातळ लेप. आम्ही कौतुकाने लेबले चिकटवली ती नेमकी तिथेच!

जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी खरखरून आपले दुखणे सांगे. सीडी ते लपवते. वाचताना झालेल्या चुका प्लेअर गणिताने दुरुस्त करतो, आणि दुरुस्ती जमली नाही तर आजूबाजूच्या ध्वनीवरून अंदाजाने जागा भरतो. तेव्हा मुरकीतला एखादा कण गवयाचा की यंत्राचा, हे कानाला कळेलच असे नाही. गाण्याच्या बाबतीत कानावर विसंबू नका, असे सांगण्याची पाळी आमच्यावर यावी!

म्हणून सीडी वाजवून पाहू नये. प्रत्येक अंश दोनदा वाचून ताडून पाहणाऱ्या आज्ञावलीने ती संगणकावर संपूर्ण उतरवावी. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी कधी दुसरा वाचतो. शिवाय सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि बिघाड पुष्कळदा कडेकडून सुरू होतो. आपली तपासणी पहिल्या ख्यालापाशी थांबते. मैफलीची भैरवी असते कडेला.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर व्हॉयेजरबरोबर अंतराळात गेली. आमच्या एकतीस सीडींपैकी पंचवीस पूर्ण उतरल्या, त्यांच्या प्रती आता दोन हार्डडिस्कवर आहेत. उरलेल्या सहांपैकी चारांत भैरवीच गेली आहे.