रेडिओचा सीमाभाग खडकवासल्यापुढे सुरू होतो

मंडळी, सीमाभाग म्हटलं की आपल्याला बेळगाव-निपाणी आठवतं. पण रेडिओचा एक सीमाभाग पुण्याला अगदी लागून आहे. खडकवासला मागे टाकून पानशेतच्या रस्त्याला लागा, डोंगर आडवे आले की गाडीतला एफएम खरखरायला लागतो.

यात कुणाचा दोष नाही, हे साधं भौतिकशास्त्र आहे. एफएमची लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते. मध्यम लहर (आजोबांचं 'मीडियम वेव्ह' हो!) जमिनीला धरून लांबवर जाते. म्हणूनच १९६३ सालचं सांगली केंद्र कर्नाटकातल्या गावांत ऐकलं जायचं आणि १९५० सालचं धारवाड आपल्याकडे. लहरीला राज्याची सीमा कळत नाही!

गेल्या काही वर्षांत प्रसार भारतीने मध्यम लहरीचे बरेच जुने ट्रान्समीटर बंद केले आणि भर एफएमवर दिला. आमच्या धंद्यातले लोक म्हणतील, लेगसी सिस्टिम आहे, काढून टाका. अहो, पण जुनी सिस्टिम बंद करण्याआधी नवी सगळ्या युजरपर्यंत पोचते का, हे बघायचं असतं ना? ते न बघता स्विच खाली करणाऱ्याला आमच्याकडे घरी बसवतात.

बरं, जिथे एफएम पोचतो तिथे काय मिळतं? २००१ पासून देशात खाजगी एफएम आहे, पण स्वतःच्या बातम्या द्यायला त्याला बंदी. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवायची मुभा दिली. हवामान, वाहतूक, आपत्तीच्या सूचनाही चालतात, पण प्रशासनाने दिलेल्या. म्हणजे सूचना वाचा, प्रश्न विचारू नका! मग उरतात गाणी आणि गप्पा. आणि हे कुठल्या देशात? तर जिथे रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवलंय.

राहता राहिली आकाशवाणी. जून २०२३ मध्ये तिचा पुण्यातला वृत्तविभागच बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा आदेश निघाला. ओरड झाली म्हणून त्याला स्थगिती मिळाली. ओरड झाली नसती तर?

स्थानिक बातमी म्हणजे काय, हे पानशेतच्या पाण्याखाली राहणाऱ्यांना तरी शिकवायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि पुणं बुडालं. तो इतिहास झाला म्हणावं, तर २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घुसलं. वेळेवर कुणी सांगितलंच नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती.

'मोबाईल आहे की!' असं म्हणणाऱ्यांना एक विनंती. भर पावसात, वीज गेलेली असताना, धरणामागच्या एखाद्या वाडीत जाऊन रेंज शोधून दाखवा. दोन सेलवर चालणारा रेडिओ तिथे अजून मोबाईलला भारी आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. डोंगराळ तालुक्यांसाठी मध्यम लहर चालू ठेवा. खाजगी आणि सामुदायिक केंद्रांना स्थानिक बातम्या देऊ द्या, चुकीची दिली तर कायदा आहेच. आणि पुण्याचा वृत्तविभाग पुण्यातच राहू द्या. धरणं इथे आहेत, तर त्यांची बातमी देणारा माणूसही इथेच हवा. असो. गाणी काय, कुठेही मिळतात हो!