कवळी तोंडात, अडचण हातात

सगळे दात गेलेल्या आजींना कवळी बसवली जाते. ती घट्ट बसते. डॉक्टरही खूश, घरचेही खूश. महिन्याभरात कवळी डबीत जाते आणि आजी पुन्हा चहात बुडवलेल्या बिस्किटावर येतात. ‘सवयच करून घेत नाही,’ असे घरचे म्हणतात. आजींना आमवात असेल, तर दोष सवयीचा नसून बोटांचा असू शकतो.

आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, हातांचे लहान सांधे सुजतात आणि पुढे बोटे वाकडी होतात. चिमटीत जोर राहत नाही. कवळी मात्र बोटांनीच काढायची असते. म्हणून ‘जितकी घट्ट तितकी चांगली’ हा हिशेब इथे चुकतो. निघत नाही म्हणून कवळी रात्रीही तोंडात राहते. तिच्याखाली बुरशी वाढते, टाळू लाल होतो.

कानापुढचा जबड्याचा सांधा धरला असेल तर तोंड पुरेसे उघडत नाही आणि माप घेणे अवघड जाते. काहींची लाळ आटते. कवळीला टाळूशी धरून ठेवण्यात लाळेचाच मोठा वाटा असतो. आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटमुळे तोंडात व्रण येऊ शकतात, पण बोल कवळीला लागतो. मानेचे सांधे सैल झाले असतील, तर खुर्चीत मान फार मागे टाकणे धोक्याचे ठरते.

यावरचे उपाय फारसे खर्चिक नाहीत. सकाळी सांधे आखडलेले असतात, म्हणून दुपारची वेळ द्यावी आणि काम थोडे थोडे करावे. ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून मूठ जाड करावी. इम्प्लांटवरची कवळी घ्यायची असेल, तर तिची पकड बोटांना झेपेल का, हे आधी पाहावे. रात्री कवळी काढून, घासून पाण्यात ठेवावी. गरज पडल्यास घरच्यांनी हात द्यावा.

आमवाताच्या बाह्यरुग्ण विभागात सहसा तोंड तपासले जात नाही आणि दंतविभागात हात पाहिले जात नाहीत. दोन्हीकडचे केसपेपर एकत्र वाचले गेले पाहिजेत. कवळी हाती देताना रुग्णाने ती डॉक्टरांसमोर स्वतः दोन-तीनदा घालून, काढून, घासून दाखवावी. तोवर उपचार पूर्ण झाला असे समजू नये.