भरवशाची वीज

अणुऊर्जेचे फायदे लोकांना पटत नाहीत, यात माहितीपत्रकांचा दोष नाही. ती वाटणाऱ्यांवर कोणाचा विश्वास उरलेला नाही, ही खरी अडचण.

अणुविजेची क्षमता २०४७ पर्यंत एक लाख मेगावॉटवर नेण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. आज ही क्षमता नऊ हजार मेगावॉटच्या आसपास आहे आणि देशातील एकूण विजेत तिचा वाटा जेमतेम तीन टक्के. म्हणजे साडेपाच दशकांत जे साधले त्याच्या दहापट काम पुढच्या दोन दशकांत उरकायचे आहे. त्यासाठी भांडवल आणि तंत्रज्ञानाची जुळवाजुळव सुरू आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून खासगी कंपन्यांनाही या क्षेत्राचे दार उघडून दिले. पण अणुभट्टी शेवटी कोणाच्या तरी गावात उभी राहते. त्या गावाचा होकार कसा मिळवायचा, या प्रश्नावर सरकारी उत्तर अजूनही एकाच शब्दाचे आहे : जनजागृती.

या जनजागृतीचे काय होते हे महाराष्ट्राने माडबनला पाहिले आहे. राजापूर तालुक्यातील या गावी होऊ घातलेल्या जैतापूर प्रकल्पात प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या बसवायच्या होत्या. नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटींसह पर्यावरण मंजुरी मिळाली, डिसेंबरात फ्रान्सच्या अध्यक्षांच्या उपस्थितीत करार झाले आणि तीन महिन्यांत फुकुशिमा घडले. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे गावात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मरण पावला. जमिनीची भरपाई पुढे हेक्टरी साडेबावीस लाखांवर गेली, तेव्हा अनेक जमीनमालकांनी धनादेश स्वीकारले. तरीही आज तिथे एकही अणुभट्टी नाही. साखरी नाटे गावच्या मच्छीमारांची जमीन जातच नव्हती, त्यामुळे भरपाई वाढवून त्यांचे समाधान होणारही नव्हते. अणुभट्ट्यांमधून सोडलेल्या कोमट पाण्याने मासळी दूर जाईल का, सुरक्षेच्या नावाखाली खाडीतून होड्या काढायला बंदी येईल का, हे त्यांचे प्रश्न होते. त्यावर त्यांना अणूच्या शांततामय उपयोगांची चित्रे दाखवण्यात आली. विचारले मासळीचे, सांगितले अणूचे.

अणुऊर्जेचे फायदे खोटे आहेत असे मात्र नाही. ही वीज रात्री मिळते, भर पावसाळ्यातही मिळते आणि ती तयार होताना धूर निघत नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या; इतक्या वर्षांत तिथे चेर्नोबिलसारखे काही घडलेले नाही. उलट २९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राची राख चंद्रपूरकर रोज श्वासाबरोबर घेतात. तेवढ्याच विजेमागे होणाऱ्या मृत्यूंचा हिशेब मांडला तर कोळसा अणूपेक्षा शेकडो पटींनी घातक ठरतो. फुकुशिमात किरणोत्सारामुळे झालेला म्हणून जपान सरकारने एकच मृत्यू मान्य केला. स्थलांतराच्या हालअपेष्टांत मात्र दोन हजारांहून अधिक माणसे गेली.

मग एवढे सगळे बाजूने असताना लोक ऐकत का नाहीत? कारण कोळशाची राख अंगणात दिसते, तिच्याविरुद्ध भांडता येते. किरणोत्सार ना दिसतो ना जाणवतो. तो किती आहे हे कळण्यासाठी, ज्याने अणुभट्टी बांधली त्याच्याच मोजमापावर विसंबावे लागते. म्हणून इथे आकड्यांइतकेच आकडे सांगणाऱ्याकडेही पाहिले जाते. आणि सांगणाऱ्याची आजवरची वागणूक फारशी भूषणावह नाही. कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या संगणकांत शिरकाव झाल्याची बातमी ऑक्टोबर २०१९ मध्ये आली, तेव्हा केंद्राच्या अधिकाऱ्यांनी ती खोटी ठरवली. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने प्रशासकीय जाळ्यातील एका संगणकात घातक प्रणाली सापडल्याचे कबूल केले. अणुभट्टीच्या यंत्रणेला धक्का लागला नव्हता, हे त्यानंतर किती जणांनी खरे मानले असेल? त्याच कुडनकुलममध्ये आंदोलन करणाऱ्या हजारो गावकऱ्यांवर राजद्रोहाची कलमे लावली गेली. तारापूरच्या विस्तारासाठी उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या ग्रामस्थांना पुनर्वसनासाठी न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले. सुरक्षेवर देखरेख करणारे नियामक मंडळ १९८३ पासून अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी होते आणि त्या आयोगाचे अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचे सचिवच असत. या रचनेवर महालेखापालांनी २०१२ मध्ये बोट ठेवले. नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, हे चांगले झाले. पण दर्जा कागदावर मिळतो, वचक मात्र कमवावा लागतो.

जैतापूरला अणुभट्ट्या विकू पाहणाऱ्या फ्रान्सकडून घेण्यासारखे आणखी काही आहे. तिथे प्रत्येक अणुकेंद्राजवळ एक स्थानिक माहिती आयोग असतो आणि २००६ च्या कायद्याने त्याला बळ दिले आहे. लोकप्रतिनिधींबरोबर कामगार संघटना आणि पर्यावरण संस्था, म्हणजे विरोधकसुद्धा, त्यात बसतात. प्रश्न विचारतात आणि केंद्राला उत्तर द्यावे लागते. फिनलंड तर याच्याही पुढे गेला. अणुकचरा जमिनीखाली कायमचा पुरण्याच्या प्रकल्पाला नकार देण्याचा अधिकार तिथे स्थानिक नगरपालिकेला होता. एउरायोकीच्या पालिकेने २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला. तिच्याच हद्दीतील ओल्किलुओतो येथे, जैतापूरसाठी ठरलेल्या आराखड्याची अणुभट्टी २००९ ऐवजी २०२३ मध्ये नियमित वीज देऊ लागली. एवढ्या दिरंगाईनंतरही पालिकेने दिलेला शब्द टिकला. आपण करारातून अणुभट्ट्या तेवढ्या उचलल्या, त्यांच्या भोवतीची ही व्यवस्था तिथेच ठेवली.

ती आणायला वेगळे तंत्रज्ञान लागत नाही. आपल्या प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे. परिसरातील पाणी, मासळी, दूध, भाजीपाला यांचे नमुने ती तपासते. हे निष्कर्ष वर्षाकाठी एखाद्या इंग्रजी अहवालात सारांशाने उतरतात. ते दरमहा मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर का लागू नयेत? शेजारच्या महाविद्यालयाला तेच नमुने स्वतंत्रपणे तपासण्याची सोय आणि निधी का मिळू नये? दोन्ही आकडे जुळले तर सरकारचा प्रचाराचा खर्च वाचेल; न जुळले तर गावाआधी सरकारलाच सावध होण्याची संधी मिळेल. तारापूरला हे उद्याच सुरू करता येईल. माडबनला स्थानिक समिती नेमावी आणि तिला स्वतःचे तज्ज्ञ निवडण्याची मुभा द्यावी. कोमट पाण्याचे काय, अपघात झाला तर भरपाई कोण आणि किती देणार, कचरा कुठे ठेवणार, विजेचा दर काय पडणार, ही उत्तरे तिला लेखी मिळावीत. छोटी गळतीसुद्धा केंद्राने आधी गावाला सांगावी, मग वर्तमानपत्रांना.

यात धोका आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. सगळे ऐकून, तपासून गाव ‘नको’ही म्हणू शकते. तसे झाले तर जागा बदलावी लागेल, आणि ती बदलण्याची तयारी नसेल तर सारी समितीच नाटक ठरेल. पण विचारण्याचे टाळून महाराष्ट्राने कोकणात दीड दशक घालवले आणि पदरात एक युनिट वीजही पडली नाही. खासगी कंपन्या येतील तेव्हा अविश्वासाला नफ्याच्या संशयाचीही जोड मिळेल. म्हणून पुढच्या अणुभट्टीच्या निविदेत यंत्रसामग्रीच्या यादीआधी स्थानिक समितीचे कलम असावे. ते घालायला सरकार कचरत असेल तर लाख मेगावॉटचे उद्दिष्ट २०४७ मध्येही अर्थसंकल्पाच्या भाषणातच वाचावे लागेल.